कमलबाईंचं बेअरिंग

कारखान्यात मेंटेनन्सवाला येताना दिसला की लोकांचे चेहरे पडतात. आम्ही आलो म्हणजे काहीतरी मोडलेलं असणार, हे गृहीतच. यंत्र सुरळीत चालू असताना आमची आठवण कुणाला होत नाही; झालीच तर ‘हे लोक दिवसभर चहा पितात’ अशी साहेबांकडे चुगली करण्यापुरती. आणि यंत्र बंद पडलं की तेच लोक कमरेवर हात ठेवून आमच्या मागे उभे राहतात आणि दर पाच मिनिटांनी विचारतात, “झालं का?” या प्रश्नाला मी तीस वर्षं एकच उत्तर दिलं. “झालं असतं तर मी इथे आडवा कशाला पडलो असतो?”

माझं नाव साठे. शनिवार पेठेत वाढलो. वडील शाळेत कारकून, थोरला भाऊ बँकेत, आणि मी आयटीआय करून फिटर. आमच्या घरात त्याआधी कुणी स्क्रूड्रायव्हर हातात धरला असेल तर तो चांगलं चालणारं घड्याळ बिघडवण्यासाठीच. आई पाहुण्यांना ‘हा इंजिनिअरिंग लाइनला आहे’ असं सांगायची आणि त्यांनी जास्त चौकशी करायच्या आत चहा पुढे करायची. हडपसरच्या बाजूला एका कंपनीत मी लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. शीतपेयांच्या बाटल्यांना जी पत्र्याची, कातरलेल्या कडांची बुचं असतात, ती आम्ही बनवायचो. एका बाजूने प्रेसमध्ये पत्रा जायचा, दुसऱ्या बाजूने बुचं धो धो पडायची. तो आवाज अजून माझ्या डाव्या कानात आहे, कारण त्या कानाला आता दुसरं फारसं काही ऐकू येत नाही.

काम मला शिकवलं इस्माईल मिस्त्रींनी. ते भवानी पेठेतले, आजोबांपासून घरात लोखंडाचं काम. बोलणं मात्र असं, की सदाशिव पेठेने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक लोखंडी ठोकळा आणि एक कानस दिली आणि म्हणाले, “याची एक बाजू सपाट करा.” मला वाटलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत होईल. सहा आठवडे लागले. रोज संध्याकाळी मी ठोकळा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहायचो. ते त्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पोलादी पट्टी, उभा धरायचे आणि खिडकीकडे करून बघायचे. गुण्याच्या खालून उजेड दिसला की त्या दिवसाचं काम फुकट. “वा, साठे. मधे छान टेकडी झाली आहे. पर्वतीसारख्या पायऱ्याही करून टाका.”

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात अवघड काय? नवख्या माणसाचा हात कानस ढकलताना झोके घेतो. सुरुवातीला कानशीचं पुढचं टोक दबतं, शेवटी मागचं. त्यामुळे ठोकळ्याच्या दोन्ही कडा झिजतात आणि मधे फुगवटा राहतो. तो घालवायचा तर नुसता हात शिकवून भागत नाही, पाय आणि कंबरही शिकवावी लागते. माझा ठोकळा अखेर सपाट झाला तेव्हा तो काड्यापेटीएवढा उरला होता. पण तोवर माझ्या हाताला लोखंड कळायला लागलं होतं. नट किती आवळला म्हणजे पुरे, कुठल्या क्षणाला आटे मोडतील, बेअरिंग तापलंय की नुसतं कोमट आहे, हे सगळं पुढे त्याच हाताने मला सांगितलं. पाने, हातोड्या, कानशी या वस्तू कोणीही विकत घेऊ शकतो. मेंटेनन्सवाल्याकडे त्यापलीकडे असतो तो एवढाच शिकलेला हात.

मिस्त्रींचा दुसरा धडा तोंडाचा होता. उघडून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. तो मी कसा शिकलो ते सांगतो. मला लागून दोन वर्षं झाली होती आणि मला सगळं येत होतं, असं माझं मत होतं. एका प्रेसमधून आठवडाभर खडखड आवाज येत होता. मी लांबूनच कान देऊन जाहीर केलं, “बेअरिंग गेलं.” स्टोअरमधून नवीन बेअरिंग मागवलं, मशीन बंद ठेवायला सुपरवायझरला राजी केलं. मिस्त्री आले. “उघडून पाहिलंत?” मी म्हणालो, “आवाजावरून कळतंय ना.” त्यांनी मागचं पत्र्याचं झाकण काढलं, आत हात घातला आणि स्टीलचा जेवणाचा डबा बाहेर काढला. तिथे ठेवला की डबा गरम राहतो, हा ऑपरेटरचा शोध होता. डब्याचं झाकण मशीनबरोबर थरथरत होतं. मिस्त्रींनी डबा उघडला, वास घेतला आणि माझ्यापुढे धरला. “तुमचं बेअरिंग. आत दुधी भोपळा आहे.” पुढचा महिनाभर अख्ख्या शॉपमध्ये मला सगळे ‘दुधी’ म्हणत होते.

हा धडा मी पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला दिला, आणि एकदा मीच विसरलो. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

इस्माईल मिस्त्री निवृत्त झाले, मी फोरमन झालो. नव्वदच्या दशकात कंपनीने बुचं तपासून खोक्यात भरणारं नवं यंत्र आणलं. तोपर्यंत ते काम सहा बायका करायच्या. पट्ट्यावरून बुचं वाहत यायची आणि वाकडं, फाटलं, कड चुकलेलं बूच त्या बोटांनी उचलून बाजूला टाकायच्या. नव्या यंत्राने त्यांचं कामच संपलं. आमचे वर्क्स मॅनेजर देवधर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“साठे, या सहा जणींना तीन महिने मेंटेनन्सचं प्राथमिक काम शिकवा. मग परीक्षा घ्या. पास होतील त्या तुमच्या खात्यात. होणार नाहीत त्या हिशेब घेऊन घरी.”

“परीक्षा कोण घेणार?”

“तुम्हीच.”

“मग निकाल आत्ताच सांगून टाकतो,” मी हसत म्हणालो. देवधरही हसले. आज ते वाक्य लिहिताना मला लाज वाटते.

त्या सहा जणींत कमलबाई होत्या. मांजरीच्या. चाळिशीच्या आसपास, किडकिडीत, तोडून बोलणाऱ्या. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता, दोन मुली शाळेत होत्या आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. बाकीच्या पाच जणींचे नवरे, मुलगे कुठे ना कुठे नोकरीला होते. घरी बसावं लागलं असतं तर त्या चिडल्या असत्या, पण चूल पेटली असती. कमलबाईंचं तसं नव्हतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. बाकीच्या पाच जणींनी सांगितलं, आणि तेही ‘आम्ही सांगितलं म्हणू नका’ असं बजावून.

पहिला प्रश्न आला तो कपड्यांचा. फिरत्या यंत्राजवळ साडीचा पदर म्हणजे मरणाला बोलावणं. कंपनीने पुरुषांच्या मापाच्या डांगऱ्या दिल्या, एकेकीत दोन बायका मावल्या असत्या. कमलबाई दुसऱ्या दिवशी साडीतच आल्या, कपडे बदलायच्या खोलीत गेल्या आणि भावाची जुनी, उसवून आपल्या मापाची शिवलेली पँट आणि वर कंपनीचा निळा कोट घालून बाहेर आल्या. शॉपमधल्या पोरांनी शिट्टी मारली. कमलबाई थांबल्या. “कुनी वाजवली रं? इकडं ये, फाटली असंल तर तुझीबी शिवून देते.” त्यानंतर शिट्टी वाजली नाही. आठवडाभरात सहाही जणी पँटीत होत्या, आणि संध्याकाळी पुन्हा साड्या नेसून बसला उभ्या राहत होत्या.

मी त्यांना ठोकळा आणि कानस दिली. अंतस्थ हेतू असा, की सहा आठवडे ठोकळा घासला की आपोआप निम्म्या गळतील. तिसऱ्या आठवड्यात कमलबाई ठोकळा घेऊन आल्या. मी गुण्या शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी ठोकळ्यावरून मधलं बोट फिरवलं. “साहेब, हितं वर हाय. जरासंच.” मी गुण्या लावला, खिडकीकडे धरला. अगदी केसाएवढा उजेड, बरोबर त्याच जागी. त्यांच्या बोटाला जो उंचवटा लागला तो माझ्या डोळ्याला गुण्याशिवाय दिसला नव्हता. वीस वर्षं बुचांच्या कडांवरून ती बोटं फिरली होती, हे मी विसरलोच होतो. मी त्यांना निरनिराळ्या मापांचे नट पिशवीत घालून दिले आणि न बघता ओळखायला सांगितले. आमच्या आयटीआयच्या पोरांची यात भंबेरी उडते. कमलबाईंनी एकेक नट बाहेर काढला आणि मला विचारलं, “ह्यो सतराचा का? ह्यो एकोणीस. आन् ह्यो बारा, पन ह्याचं आटं खराब झाल्यात, टाकून द्या.” मी तो नट आटे बघून टाकून दिला. कुणाला काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून मी मन लावून शिकवायला लागलो.

बेअरिंग बसवायला शिकवण्याचा दिवस तर मला पाठ आहे. बेअरिंग म्हणजे पोलादाची एक कडी बाहेर, एक आत, मधे गोळ्या. यंत्राचा फिरणारा दांडा त्या आतल्या कडीत घट्ट बसलेला असतो. इतका घट्ट, की थंड बेअरिंग जातच नाही. अडाणी माणूस हातोडीने ठोकतो आणि नव्या बेअरिंगचा जागीच जीव घेतो. शहाणा माणूस बेअरिंग तेलात तापवतो. लोखंड किंचित फुगतं, मग ते दांड्यावर सरकवून चार सेकंदांत जागेवर बसवायचं. चूक झाली तर मधेच अडकून बसतं, ना पुढे ना मागे. पुरुष शिकाऊंना तेल किती तापलंय हे शिकवता शिकवता माझा घसा बसायचा. या सहा जणींना ते सांगायची गरजच पडली नाही. कमलबाईंनी चिमट्याने बेअरिंग उचललं, जाड फडक्यात धरलं आणि एका हिसक्यात बसवलं. “ह्ये तर पुरणपोळी तव्यावर टाकण्यापरीस सोपं हाय,” त्या म्हणाल्या. बाकीच्या पाच जणी हसल्या, आणि मीही.

तीन महिने संपत आले ते नवरात्रात. खंडेनवमीच्या आधी आमच्याकडे दरवर्षी सगळी यंत्रं उघडून साफ करायची पद्धत. मी तीच परीक्षा ठरवली. प्रत्येकीला एकेक यंत्र दिलं. पूर्ण उघडायचं, साफ करायचं, झिजलेलं बेअरिंग बदलायचं, बंद करायचं. दसऱ्यानंतर आठ दिवस यंत्र विनातक्रार चाललं की पास. कमलबाईंना मी दोन नंबरची प्रेस दिली. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खडूस. तिच्या वरच्या बेअरिंगला तेल देण्याची जुनी सोय होती. माथ्यावर तेलाचा एक चौकोनी डबा, त्याच्या तळातून निघालेली बारीक तांब्याची नळी, आणि त्या नळीतून थेंब थेंब तेल बेअरिंगवर. डब्याच्या तोंडाशी बारीक जाळी, म्हणजे तेल ओतताना कचरा आत जाऊ नये. कमलबाईंनी डबा धुतला, नळी फुंकून पलीकडे तेलाचा थेंब येतो का ते पाहिलं, नवं बेअरिंग बसवलं, जाळी बसवली, तेल भरलं. मी पाहत होतो. चुकीला जागा नव्हती.

खंडेनवमीला सकाळी सगळी यंत्रं झेंडूच्या माळा घालून सजली. आमच्या खात्यात इस्माईल मिस्त्रींपासूनचा एक रिवाज होता. पूजेआधी मेंटेनन्सच्या मुख्य माणसाने प्रत्येक यंत्राला स्वतःच्या हाताने ताजं तेल घालायचं. मिस्त्री म्हणायचे, “आधी जेवू घाला, फुलं नंतर वाहा.” ते निवृत्त झाल्यावर हा मान माझा. त्या दिवशी देवधर कुठेतरी जायच्या घाईत होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. दोन नंबरच्या प्रेसवर मी तेल ओतायला लागलो, तर जाळीतून तेल हळूहळू उतरत होतं. मी जाळी काढून बाजूला ठेवली, भसकन तेल ओतलं. तेवढ्यात कुणीतरी हातात आरतीचं ताट दिलं. आरती झाली, नारळ फुटला, मी मूठभर अक्षता यंत्रावर टाकल्या, माझ्यामागून सगळ्यांनी टाकल्या. मग मला जाळीची आठवण झाली. ती बसवली, झाकण लावलं आणि पुढच्या यंत्राकडे गेलो.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दोन नंबरच्या प्रेसने किंकाळी फोडली. बेअरिंग कोरडं पडलं की असाच आवाज येतो. मी धावत गेलो. बेअरिंगवर हात ठेवता येत नव्हता, रंग जळाल्याचा वास सुटला होता. मशीन थांबवली. नळीचं खालचं टोक बोटाने चाचपलं. ठणठणीत कोरडं. डब्यात तर तेल भरपूर दिसत होतं. माणसं जमली. देवधर आले. कमलबाई गर्दीतून पुढे आल्या.

“काय झालं, साठे?” देवधरांनी विचारलं.

मी डबा उघडला नाही. नळी सोडवून पाहिली नाही; कमलबाईंना ती फुंकताना मी स्वतः पाहिलं होतं, तेही मला त्या क्षणी आठवलं नाही. “नळी साफ केलेली नाही,” मी म्हणालो. “वरचं तेल खाली उतरलंच नाही.”

“केली व्हती, साहेब,” कमलबाई म्हणाल्या. “फुंकून बघितली व्हती. थेंब आला व्हता.”

“अस्सं? मग तेल गेलं कुठे? कात्रजला फिरायला?”

पोरं हसली. ती हसली म्हणून मला चेव आला. “हे बुचं निवडणं नाही, बाई. इथे एक चूक झाली की यंत्र जातं.” देवधरांनी माझ्याकडे पाहिलं. “मग निकाल?” मी सगळ्यांसमोर खात्याचं रजिस्टर मागवलं, त्यांच्या नावापुढे ‘नापास’ लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीला मी नेहमीसारखी शेपटीही काढली.

चहाचा भोंगा झाला, शॉप रिकामं झालं. कमलबाई हलल्या नाहीत.

“उघडा,” त्या म्हणाल्या.

“आता काय उघडायचं राहिलंय?”

“पहिल्या आठवड्यात तुमीच शिकवलंय. उघडून बघितल्याबिगर बोलायचं न्हाय. तुमी उघडणार नसाल तर मी उघडते.”

आणि त्यांनी पाना उचलला. मी अडवलं नाही. त्यांनी झाकण काढलं, जाळी काढली, डब्यातलं तेल एका डबड्यात ओतून घेतलं. मग तळाशी हात घातला. वीस वर्षं बुचांवरून फिरलेली ती बोटं डब्याच्या तळावरून फिरली आणि एका कोपऱ्यात थांबली. कोटाच्या कॉलरची सेफ्टी पिन काढून त्यांनी नळीच्या तोंडात घातली, हलक्या हाताने काहीतरी उकरलं, आणि पिनेच्या टोकावर ते बाहेर आलं. तांदळाचा दाणा. तेलाने काळपटलेला, पण कुंकवाचा लाल रंग अजून कडेला दिसत होता. डब्याच्या तळातून आणखी चार-पाच दाणे निघाले. पण सगळं तेल अडवून बसलेला तो एकच होता. बरोबर नळीच्या तोंडाएवढा.

कमलबाईंनी तो दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

“ह्यो तुमचा हाय, साहेब,” त्या म्हणाल्या. “जाळी मी बसवली व्हती. काढली कुनी, ते आमी सगळ्यांनी बघितलंय. मागंच उभ्या व्हतो.”

आणि त्या चहाला गेल्या.

मी तिथेच उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो दाणा फुंकून टाकायचा. शॉपमध्ये कुणी नव्हतं. सहा बायकांनी पाहिलं होतं खरं, पण त्यांच्या बोलण्याला माझ्यापुढे कोण विचारतो? मी तीस माणसांचा फोरमन. पूजेत अक्षता मी एकट्यानेच थोड्या टाकल्या होत्या? दाणा दुसऱ्या कुणाचाही असेल. पण जाळी काढली होती ती मीच, आणि तेही घाईत, आणि घाई कुणाला दाखवायला, तर देवधरांना. इतकी वर्षं ज्या चुकीसाठी मी पोरांना झापत आलो, ती चूक मी झेंडूच्या माळा घालून केली होती. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, तिची शिक्षा मी एका बाईला देऊन बसलो होतो, जिच्या घरात त्या पगारावर तीन माणसं जेवत होती.

मी दाणा खिशात टाकला आणि देवधरांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं आणि सगळं सांगितलं. देवधरांनी दाणा टेबलावर ठेवला.

“साठे, म्हणजे यंत्राने प्रसाद खाल्ला तर.”

“हो.”

“ठीक आहे. रजिस्टरमध्ये ‘पास’ करून टाका. कुणाला काही सांगायची गरज नाही. फोरमनची अब्रू ही खात्याची अब्रू.”

मला हायसं वाटलं. इतकं, की दाणा कागदाच्या पुडीत बांधून मी केबिनमधून जवळजवळ पळतच बाहेर आलो. संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा कमलबाई कपडे बदलायच्या खोलीबाहेर साडी नेसून उभ्या होत्या. मी बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणालो, “कमलबाई, तुम्ही पास आहात. देवधरसाहेबांशी बोललो. तुमची नोकरी पक्की.”

मला वाटलं, त्या रडतील. निदान ‘बरं झालं’ तरी म्हणतील. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी एक पाऊल मागे सरलो.

“नापास सगळ्यांच्या म्होरं केलं,” त्या म्हणाल्या, “आन् पास कोपऱ्यात करता व्हय?”

आणि त्या बसच्या दिशेने चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शनिवारातून हडपसरपर्यंत बसमध्ये उभ्याने मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. ‘पूजेच्या गडबडीत कुणाकडून तरी...’ ‘जाळी बाजूला राहिल्यामुळे...’ ‘तपासणीत असं आढळलं की...’ रिपोर्टात लिहायला ही वाक्यं फार सोयीची असतात, कारण त्यांत माणूस नसतो. मी स्वतः अशी शेकडो लिहिली होती. स्वारगेट आलं तेव्हा मला कळलं, की यातलं एकही वाक्य कमलबाईंना चालणार नाही, आणि चालू नयेच.

पहिल्या पाळीचा भोंगा झाला. मी दोन नंबरच्या प्रेसच्या चौथऱ्यावर उभा राहिलो आणि सगळ्यांना जमायला सांगितलं. कालची हसणारी पोरं होती, सुपरवायझर होते, सहा बायका होत्या. देवधर आपल्या केबिनच्या काचेआडून पाहत होते; त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना हे पसंत नव्हतं हे दिसत होतं. मी खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली आणि दाणा सगळ्यांना दिसेल असा धरला.

“काल हे यंत्र बंद पडलं ते कमलबाईंमुळे नाही,” मी म्हणालो. “खंडेनवमीला मी घाईत जाळी काढली. पूजेतला हा दाणा त्या वेळी आत गेला. चूक माझी. काल मी उघडून न बघता त्यांना बोललो, तुम्ही हसलात म्हणून जास्त बोललो. त्याबद्दल मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो.”

रजिस्टर माझ्या दुसऱ्या हातात होतं. मी ‘नापास’ खोडलं, ‘पास’ लिहिलं, आणि शेजारी लिहिलं, ‘चूक फोरमनची’. खाली सही केली. या वेळी शेपटी काढली नाही.

मी कमलबाईंकडे पाहिलं. त्या आधीच कोट घालून तयार होत्या. हातात जाड फडकं होतं, आणि चौथऱ्याशेजारी हॉटप्लेटवर तेलाच्या डब्यात नवं बेअरिंग तापत होतं. माझ्या नकळत त्यांनी स्टोअरमधून आणलं असणार. त्या चौथऱ्यापर्यंत आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी डब्यावर हात धरून तेलाचा अंदाज घेतला, चिमटा उचलला आणि म्हणाल्या,

“साहेब, बाजूला व्हा. बेअरिंग थंड व्हईल.”

मी बाजूला झालो.